एका प्रश्नाची दोन उत्तरं

घाटनांदूरच्या बसस्टँडसमोर माझं दुकान आहे. पाटीवर ‘मल्टिसर्व्हिसेस’ असं झोकात लिहिलंय, पण लोक म्हणतात ‘गंगासागरबाईचं ऑनलाइन’. उत्पन्नाचा दाखला, पीकविमा, आधारवरचं चुकलेलं नाव, आणि बारावीचे निकाल लागले की कॉलेजांचे फॉर्म. नवरा गेला तेव्हा दीर म्हणाले होते, वहिनी, घरी बसून पापड लाटा. मी पापड लाटले नाहीत, कॉम्प्युटर घेतला. त्याला आता अकरा वर्षं झाली. एवढ्या वर्षांत किती पोरं कॉलेजात घातली त्याचा हिशोब नाही. मी स्वतः बारावी आहे, तीही दुसऱ्या खेपेला.

फॉर्म भरायला बाप येऊन बसला, की त्याच्या पहिल्या प्रश्नावरून मला त्याचं घर कळतं. एक बाप विचारतो, “चांगलं कॉलेज कोणतं?” दुसरा विचारतो, “फी किती?” पोराचे मार्क दोघंही नंतर सांगतात. माणूस असा चुटकीसरशी ओळखता येतो याचा मला भारी गर्व होता. तो गर्व एका पोरीला भोवला. मला काही झालं नाही, माझं दुकान चालूच आहे.

ती पोरगी म्हणजे रुद्राणी. तिचे वडील भीमाशंकरभाऊ, आमच्याच समाजातले, लांबच्या नात्यातले. मोंढ्यात त्यांचं अडतीचं छोटं दुकान आहे. शेतकऱ्यांचा माल लिलावात विकून द्यायचा आणि त्यावर जे सुटेल त्यात घर चालवायचं. कपाळाला भस्म, अंगात तोच तो पांढरा सदरा, कॉलर उलटून शिवलेली. त्यांचा एक किस्सा मोंढ्यात अजून सांगतात. तरुणपणी त्यांनी लिलावात तुरीचा भाव बोलला आणि संध्याकाळपर्यंत बाजार कोसळला. शेतकरी स्वतः म्हणाला, “शेठ, ऱ्हाऊ द्या, आजच्या भावानं द्या.” भाऊ म्हणाले, “जबान दिली ती दिली.” ठरल्या भावानं पैसे दिले आणि वर्षभर बायकोच्या बोलण्यासकट तो तोटा सोसला. असा माणूस.

रुद्राणीची नीटची परीक्षा दुसऱ्यांदा देऊन झाली होती. पहिल्या वर्षी थोडक्यात हुकलं होतं. मग बाप-लेकीचं ठरलं, अजून एक वर्ष, पण हे शेवटचं. वर्षभर पोरगी एसटीनं अंबाजोगाईला क्लासला गेली. सहाच्या बसला मी तिला रोज बघायची, वेणी घालायलाही वेळ नसायचा, केस तसेच बांधलेले आणि उभ्या उभ्या पुस्तक उघडलेलं. मार्क पडले चारशे एकोणऐंशी. प्रवेशाच्या पहिल्या दोन फेऱ्यांना तिनं नुसती सरकारी कॉलेजं टाकली. दोन्हीत नाव आलं नाही. राहिली तिसरी फेरी, म्हणजे शेवटची. तिच्यात लागलं तर डॉक्टर, नाही तर नाही. एवढं सरळ होतं ते.

त्या दिवशी सकाळी दोघं आली. दुकानात पीकविम्याची ही गर्दी, सर्व्हर गोगलगायीसारखा चाललेला, आणि माझं डोकं तापलेलं. रुद्राणीनं वहीच्या कागदावर तेवीस कॉलेजांची नावं काढून आणली होती. प्रत्येकापुढं मागच्या वर्षी किती मार्कांना यादी थांबली तेही लिहिलेलं. एवढी नीट यादी माझ्याकडे कुणी आणत नाही. भाऊंनी चष्मा लावला.

“ह्यातली खाजगी कोणती?”

“शेवटची नऊ, आप्पा,” रुद्राणी म्हणाली.

“फी किती हो ताई?”

झालं, माझ्या लेखी माणूस ओळखून झाला. मी पहिल्या खाजगी कॉलेजाचा आकडा वाचला, वर्षाला नऊ लाख ऐंशी हजार. भाऊंनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग अगदी हळू आवाजात, आजूबाजूच्यांना ऐकू जाऊ नये असं विचारलं, “पेपरात वाचलं होतं मी. पोरींना फी माफ हाय म्हणून. ते खरं हाय का?”

मी स्क्रीनवरून मान वळवली नाही. म्हणाले, “कागदावर आहे हो. त्याच्या भरवशावर राहू नका.”

एवढंच. पुढचं मी बोलले नाही, आणि पुढचंच महत्त्वाचं होतं. ज्या मुलीच्या घरचं उत्पन्न आठ लाखांच्या आत आहे आणि जातीचे दाखले नीट आहेत, तिची फी सरकार भरतं. आठ लाख भाऊंनी कागदावर सोडा, स्वप्नातही पाहिले नसतील. दाखले मीच काढून दिले होते. फक्त कॉलेजं काय करतात, की आधी तुम्ही भरा म्हणतात, आणि सरकारचे आले की परत देतात. म्हणजे पहिल्या वर्षाची फी कुठून तरी उभी करायची, की पुढची वाट मोकळी. हे सगळं मला पाठ होतं.

मग का नाही सांगितलं? तर दुधानं तोंड पोळलं होतं म्हणून. आदल्या वर्षी आष्टीकडच्या एका माणसाला, त्याचा मेव्हणा इथला, मी छातीठोकपणे सांगितलं होतं, “फी माफ आहे, बिनधास्त टाका.” पोरीचा नंबर लागला. कॉलेजच्या खिडकीवर गेला तर म्हणाले, आधी पूर्ण भरा. त्याच्याकडे कुठले? जागाही गेली, अनामतही गेली. तो माणूस माझ्या दारात येऊन भर बाजारात नाही नाही ते बोलला. बाई माणूस, नवरा नाही, लोकांना काय, तमाशाच. तेव्हा मी कानाला खडा लावला, की ज्याच्या खिशात नाही त्याला माफीचं बोलायचंच नाही. आणि भाऊंच्या खिशात नाही, हे मी उलटून शिवलेल्या कॉलरवरून ठरवून टाकलं.

भाऊ म्हणाले, “मग खाजगी सगळी काढा.”

“आप्पा, एक तरी राहू द्या ना,” रुद्राणी म्हणाली. तिचं बोट पहिल्याच खाजगी नावावर होतं. “इथं मला लागू शकतं. मागच्या वर्षीचे मार्क बघा ना.”

“लागू शकतं म्हणूनच काढायचं, बाळा.” भाऊंचा आवाज चढला नव्हता. “शेवटची फेरी हाय. लागल्यावर आपुन न्हाई म्हणलं, तर ती जागा वाया. कुण्या लेकराची आपुन अडवली असं हुईल. लिलावात भाव बोलायचा आन् माल उचलायचा न्हाई, हे आपल्यात न्हाई. झेपत न्हाई तिथं नावच घालू नये.”

आता सांगा, कॉलेजचा फॉर्म म्हणजे काय लिलाव आहे? अख्ख्या महाराष्ट्रात दुसरा कोणी बाप असा विचार करत नसेल. लोक दहा ठिकाणी नावं घालतात, लागलं तर बघू म्हणतात. पण हा मोंढ्यातला माणूस, त्याच्यासाठी नाव घालणं म्हणजे जबान देणं. मी त्यांना समजावायला हवं होतं. मागे चार माणसं खोळंबली होती. एकजण ओरडला, “बाई, माझा इमा ऱ्हाईल ना!” मी नऊच्या नऊ नावं काढली. भाऊंच्या मोबाइलवर ओटीपी आला, त्यांनी एकेक आकडा सांगितला, मी फॉर्म लॉक केला. रुद्राणीनं तिचा कागद घडी करून दप्तरात ठेवला. भाऊंनी पन्नास रुपये दिले, मी घेतले.

त्याच दिवशी संध्याकाळी अर्जुनराव आले. त्यांची ओळख घाटनांदुरात कुणाला करून द्यावी लागत नाही. पन्नास एकर बागायत, पूर्वी पंचायत समितीचे सदस्य, दारात दोन गाड्या. बरोबर मुलगी राजनंदिनी, लातूरला होस्टेलवर राहून शिकलेली. पोरगी गुणी आहे, तिला मी नावं ठेवणार नाही. तिला मार्क चारशे अठ्ठावन्न. रुद्राणीपेक्षा एकवीस कमी.

गर्दी ओसरली होती. मी चहा सांगितला.

“गंगाताई, सगळी टाका,” अर्जुनराव म्हणाले. “खाजगी काय, सरकारी काय. पोरीला जिथं लागंल तिथं. पैशाचं बघू नका.” मग चहाचा घोट घेऊन सहज म्हणाले, “ते पोरींच्या फी माफीचं काय हाय हो? आपल्याला बसतंय का?”

आणि मी त्यांना सगळं सांगितलं. सगळं म्हणजे सगळं. कोणता दाखला लागतो, कॉलेज आधी भरायला लावतं, मग किती महिन्यांनी परत येतात, कुठल्या खिडकीवर अर्ज द्यायचा, पावती कशी जपून ठेवायची. एका कोऱ्या कागदावर लिहूनही दिलं. उत्पन्नाचा दाखला त्यांच्याकडे होताच, आठ लाखांच्या आतला. शेतीचं उत्पन्न तलाठ्याच्या वहीत किती दिसतं, हे मी सांगायची गरज नाही. प्रश्न तोच, सकाळचाच. भरायची ऐपत असलेल्याला मी माफीचा रस्ता दाखवला, आणि नसलेल्याला रस्ता आहे हेही कळू दिलं नाही. पैशाकडे पैसा जातो म्हणतात. त्याला हात धरून नेणारी माझ्यासारखी माणसं असतात, म्हणून जातो.

तेव्हा हे मला कळलं नाही असंही नाही. अर्जुनराव गेले, शटर अर्धं ओढलं, आणि मनात काहीतरी टोचायला लागलं. फॉर्मची मुदत दुसऱ्या दिवशी पाचपर्यंत होती. तोपर्यंत लॉक उघडता येत होतं. मी भाऊंचा नंबर काढला. मग वाटलं, काय सांगणार? दहा लाख आधी भरा म्हणून? त्या माणसाला? उगाच पोरीला आशा लावायची, बापाला ओशाळं करायचं. उद्या बघू म्हटलं. उद्या पीकविम्याची शेवटची तारीख निघाली आणि मला जेवायलाही उसंत मिळाली नाही. घड्याळ पाहिलं तेव्हा पाच वाजून वीस मिनिटं झाली होती.

यादी आठ दिवसांनी लागली. राजनंदिनीचा नंबर लागला होता. तेच कॉलेज, रुद्राणीनं बोट ठेवलं होतं ते. जागा ओपनची, जिथं जात बघत नाहीत, नुसते मार्क बघतात. मी यादी खालपर्यंत सरकवत नेली. त्या कॉलेजात राजनंदिनीच्याही खाली आठ पोरं होती. चारशे एकोणऐंशीवाली पोरगी त्या यादीत मधोमध कुठंतरी आरामात बसली असती. त्यानंतर उरल्यासुरल्या जागांची एक नावापुरती फेरी असते, पण त्या कॉलेजात एकही जागा उरली नाही.

रुद्राणीचा फोन आला. “मावशी, लागलं का माझं?”

“नाही गं बाळा.”

“बरं,” ती म्हणाली. आणि फोन ठेवला.

मी कुणाला काही सांगितलं नाही. झालं ते झालं, सांगून काय उपयोग, अशी मनाची समजूत घातली. माणूस स्वतःला फार चांगलं समजावू शकतो.

पण अर्जुनरावांनी मुलीचा सत्कार ठेवला. मोंढ्यातच, मांडव घालून. बसस्टँडपासून राजनंदिनीच्या फोटोचे फ्लेक्स, गळ्यात स्टेथोस्कोप दाखवलेला, अजून कॉलेजचं तोंड पाहायचं होतं तरी. अर्जुनरावांचं सोयाबीन वर्षानुवर्षं भाऊंच्या अडतीवर येतं. तेव्हा भाऊंना जाणं भाग होतं, आणि ते तोंड वाकडं करून जाणारे नव्हतेच. त्यांनी राजनंदिनीला हार घातला. डोक्यावर हात ठेवून म्हणाले, “लई मोठी डाक्टर हो, बाई.” मनापासून म्हणाले. रुद्राणी बायकांत मागे बसली होती. राजनंदिनीनं तिला हाक मारून पुढं बोलावलं, पण ती उठली नाही.

मग अर्जुनराव बोलायला उभे राहिले. सगळ्यांचे आभार मानता मानता म्हणाले, “फी म्हणाल तर दहा लाखाच्या घरात. पण ती बी सरकार देतंय बरं का! पोरींना माफ हाय. आदी भरायचे, मग मागारी घ्यायचे. आपल्याला काय म्हाईत होतं? ह्या आपल्या गंगाताईंनी सगळं कागदावर लिहून दिलं. त्यांचा बी सत्कार झाला पायजे.”

टाळ्या वाजल्या. कुणीतरी मला पुढं ढकललं, खांद्यावर शाल पडली, हातात नारळ आला. शाल घेऊन मी वळले तेव्हा भाऊ माझ्याकडेच बघत होते. टाळी वाजवायला जोडलेले हात तसेच राहिले होते. एवढी लाज मला त्या आष्टीवाल्याच्या शिव्यांनी वाटली नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शटर उघडलं आणि भाऊ आत आले. खुर्ची ओढून बसले. मला वाटलं, ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं.

“ताई, तुमाला म्हाईत होतं?”

“होतं.”

“मग मला कावून न्हाई सांगितलं?”

मी आष्टीवाल्याचं सांगितलं. कॉलेजं आधी पैसे मागतात हे सांगितलं. बोलता बोलता माझं मलाच कळत होतं, की हे सगळं अर्जुनरावांनाही लागू होतं आणि त्यांना मी सांगितलं होतं. शेवटी मी म्हणाले, “मला वाटलं, भाऊ, तुम्हाला झेपणार नाही. उगाच पोरीचा जीव वर-खाली होईल.”

“मागारी येणार होते ना पैसे?”

“हो. सात-आठ महिन्यांनी.”

भाऊ म्हणाले, “म्हंजी पैल्या वर्साचंच उभं करायचं होतं. ताई, मी मोंढ्यात नुसतं तोंड उघडलं असतं ना, की पोरीच्या फीला पायजेत, मागारी येणार हायेत, तर दुपारपत्तुर जमले असते. धा जणांनी आपलं आपलं आणून टाकलं असतं. कुणी कागद मागितला नसता, कुणी याज लावलं नसतं. अर्जुनरावांनीच आदी दिले असते. तीस वर्सं मी एक जबान सांभाळली. दुसरं काय कमावलं मी? तीच पोरीच्या कामाला यायची होती.”

अकरा वर्षं मी बापांचे सदरे बघून ऐपत ठरवत आले. ह्या माणसाची ऐपत अख्ख्या बाजाराला माहीत होती, मला सोडून.

“चुकलं माझं, भाऊ,” मी म्हणाले. मला रडू आलं आणि त्याचाही राग आला, कारण रडायचा हक्क माझा नव्हता.

“तुमचं एकटीचं न्हाई. तुमी कागदावर हाय म्हणलात, तवा मी पुढं इचारायला पायजे होतं. पर पैशाचं आलं की आपलं आपल्यालाच वशाळं वाटतं. एकदा इचारतो माणूस. दुसऱ्यांदा न्हाई इचारत.”

“अजून एक वर्ष बसू द्या तिला,” मी घाईघाईनं म्हणाले. “पुढच्या वर्षी मी स्वतः सगळं बघते. फॉर्म, दाखले, कॉलेजात बरोबर येते. एक पैसा घेणार नाही.”

“नको मावशी.”

रुद्राणी दारात उभी होती. ती कधी आली ते मला कळलं नव्हतं. केस नीट विंचरलेले, वेणी घातलेली, हातात कागदांची प्लास्टिकची पिशवी.

“आमचं शेवटचं ठरलं होतं,” ती म्हणाली. “आणि मी परत अभ्यासाला बसले, तर आप्पा रोज माझ्याकडे बघून तेच आठवत बसतील. मी बी.एस्सी.ला टाकलंय अंबाजोगाईला. आज कागद द्यायचेत.”

“फॉर्म?” माझ्या तोंडून निघून गेलं.

“मी मोबाइलवर भरला.”

भाऊ उठले. उठताना त्यांनी टेबलाचा आधार घेतला. तीन आठवड्यांपूर्वी आले होते तेव्हा घेतला नव्हता. समोर अंबाजोगाईची बस लागली होती, कंडक्टर हाका मारत होता.

“चला आप्पा,” रुद्राणी म्हणाली, “बाराला खिडकी बंद होते.”

जाताना तिनं माझ्याकडे पाहिलं. डोळ्यांत राग असता तर मी तो झेलला असता, मला तो हवाच होता. पण एखाद्या दुकानातून पुन्हा काही घ्यायचं नाही असं ठरवलेलं गिऱ्हाईक बघतं, तसं तिनं बघितलं. मग बापाच्या दंडाला धरलं, त्याला आधी बसमध्ये चढवलं, आणि मागून आपण चढली.